भरलेली पिशवी काउंटरवरच का राहते? ऑनलाइन दुकान थाटणाऱ्या नाशिककरांसाठी

भांडी बाजारात पितळेचं पातेलं घेताना काय होतं ते आठवा. गिऱ्हाईक पातेलं वाजवून बघतं, दुकानदार ते काट्यावर ठेवतो, वजन सांगतो, भाव सांगतो आणि तोंडी हिशेब करून एक आकडा बोलतो. घासाघीस व्हायची ती त्या आकड्यावर होते. गिऱ्हाइकाने पाकीट उघडल्यावर ‘आता पिशवीचे वेगळे, काट्याचे वेगळे’ असं कोणी म्हणत नाही. म्हटलं, तर पातेलं तिथेच राहील.

ऑनलाइन दुकानात नेमकं तेच रोज घडतं आणि दुकानदाराला त्याचा पत्ताही नसतो. गेली काही वर्षं मी नाशिकच्या आणि आसपासच्या छोट्या विक्रेत्यांना त्यांची ऑनलाइन दुकानं लावायला मदत करतो. पेठ-सुरगाण्याकडचे नागलीचे पापड, येवल्याची पैठणी, पिंपळगावकडचे बेदाणे, तांब्या-पितळेची भांडी असा माल. महिनाभर झाला की प्रत्येकाचा फोन येतो आणि प्रश्न तोच असतो: ‘दादा, लोक वस्तू बास्केटमध्ये टाकतात, मग पैसे का देत नाहीत?’

आधी थोडा धीर देतो. किती बास्केटा अर्धवट सुटतात, यावरच्या बऱ्याच अभ्यासांची सरासरी डेन्मार्कमधली बेमार्ड इन्स्टिट्यूट ही संशोधन संस्था काढते. ती ७० टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे जगभरात १० बास्केटा भरल्या, तर त्यातल्या सातांचे पैसे होत नाहीत. तेव्हा हा दोष तुमच्या एकट्याच्या दुकानाचा नाही. त्या सातांतले बरेच जण नुसते बघायला आलेले असतात. मेन रोडवर दहा साड्या उलगडून ‘येते हं परत’ म्हणणाऱ्या ताईंसारखे. बास्केट ही त्यांच्यासाठी आवडलेली वस्तू लक्षात ठेवायची जागा असते. त्यांच्यामागे धावू नका. मला काळजी वाटते ती उरलेल्यांची. त्यांना घ्यायचंच होतं, पैसेही होते आणि वाटेत आपणच त्यांना अडवलं.

इतक्या दुकानांवर काम करून माझं एक मत पक्कं झालं आहे. पैसे द्यायची वेळ आली म्हणून माणूस माघार घेत नाही. आधी न सांगितलेली गोष्ट अचानक पुढ्यात आली की तो थांबतो. ती गोष्ट कधी रक्कम असते, कधी फॉर्म, तर कधी शंका. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या एका गोष्टीच्या शोधासाठी आहेत.

पहिली पायरी: शेजारी बसा आणि गप्प राहा

कोणतंही सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी हे करा. तुमचं दुकान कधीच न बघितलेली एखादी व्यक्ती गाठा. तिच्याच फोनवरून, वायफाय बंद ठेवून, खरी ऑर्डर द्यायला सांगा. पैसे तुम्ही द्या, पण ऑर्डर खरी हवी. आणि मदत करू नका. हे सगळ्यात अवघड आहे, कारण जीभ सळसळते.

इंदिरानगरच्या एका मावशींना मी त्यांच्या फोनवर एका ताईंचं पापडांचं ऑनलाइन दुकान उघडून दिलं होतं. त्यांनी चष्मा खाली घेतला, दोन पाकिटं निवडली. २४० रुपये. इथवर अंगठा भराभर चालला. मग पत्ता आला. त्यांनी इमारतीचं नाव मराठीत लिहिलं, तर रकान्याभोवती लाल रेघ उमटली. काय चुकलं ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्यांनी खोडून पुन्हा तेच लिहिलं, पुन्हा लाल रेघ. तिसऱ्या वेळी काही न बोलता कीबोर्ड बदलला आणि इंग्रजीत लिहिलं. ‘राज्य’ या रकान्यात अंदमानापासून सुरू होणारी यादी उघडली. ती सरकवत सरकवत महाराष्ट्रापर्यंत आल्या. शेवटी एकूण रक्कम दिसली, ३३५. अंगठा हवेतच थांबला. ‘अरे, हे ९५ कशाचे?’ मी गप्प. त्यांनी मागे जायचा बाण दाबला आणि लिहिलेला सगळा पत्ता पुसला गेला. फोन माझ्या हातात ठेवत म्हणाल्या, ‘राहू दे बाबा, रविवार कारंज्यावर मिळतील की.’

चार मिनिटांचा खेळ. महिनाभर आकडे चाळून मला जे दिसलं नव्हतं ते त्यात दिसलं. वेगवेगळ्या वयाच्या तीन-चार जणांना असं बसवा. त्यातलं एक माणूस तरी साठीच्या पुढचं असू द्या आणि एकाचा फोन जुना, भेगाळलेल्या काचेचा असू द्या. ते कुठे थांबतात, कुठे मागे जातात, काय पुटपुटतात, ते वहीत टिपत जा.

दुसरी पायरी: गळती कुठल्या टप्प्यावर आहे ते मोजा

गुगल ॲनालिटिक्स, म्हणजे वेबसाइटवर लोक काय करतात ते मोजणारं साधन, त्यात खरेदीच्या टप्प्यांना ठरलेली नावं आहेत: ॲड टू कार्ट, बिगिन चेकआउट, ॲड शिपिंग इन्फो, ॲड पेमेंट इन्फो आणि पर्चेस. तुमची वेबसाइट ज्याने केली त्याला हे पाचही टप्पे चालू करायला सांगा. समजा १०० जणांनी बास्केट भरली, ६० जण चेकआउटला, म्हणजे ऑर्डर पुरी करायच्या पानावर आले, ५२ जणांनी पत्ता भरला, पण पेमेंटच्या पानावर २५ च पोचले आणि २० जणांचे पैसे आले. बहुतेक दुकानदार शेवटच्या दोन आकड्यांकडे बघतात आणि पेमेंट कंपनीला बोल लावतात. खरं भगदाड ५२ आणि २५ च्या मधे आहे. पत्ता भरल्यावर आणि पेमेंटच्या आधी काय दिसतं? डिलिव्हरी चार्ज. मावशींचा अंगठा थांबला तीच जागा.

तिसरी पायरी: डिलिव्हरीचा आकडा वर आणा आणि मग तो कमी करा

इथे वेळ घालवा, कारण बहुतेक दुकानांचं दुखणं इथेच असतं. बेमार्डच्या पाहण्यांतही खरोखर घ्यायला आलेल्या लोकांनी सांगितलेलं पहिलं कारण हेच असतं: वरचा खर्च जास्त निघाला.

सोपं काम आधी. ज्या पानावर पापडाचा फोटो आहे, तिथेच पिनकोडचा एक छोटा रकाना द्या. ४२२००१ टाकलं की खाली दिसलं पाहिजे: ‘घरपोच खर्च इतका, माल अमुक वारी पोचेल.’ पिनकोड घेणं जमत नसेल तर निदान एक ओळ लिहा, ‘नाशिक शहरात इतके, बाकी महाराष्ट्रात इतके.’ आकडा तोच राहिला तरी आधी कळलेला आकडा माणूस मनात धरून चालतो. शेवटी कळला की फसवल्यासारखं वाटतं. वाराचंही तसंच आहे. ‘३ ते ७ कामकाजाचे दिवस’ यातून कोणाला काही कळत नाही. पाहुणे रविवारी यायचे आहेत, पापड शनिवारपर्यंत येतील का, एवढंच तिला हवं असतं.

आता खर्च कमी करण्याबद्दल. पापडवाल्या ताईंना वाटत होतं की कुरियरवाले लुटतात. मी त्यांचा खोका मोजला: ३० सेंटीमीटर लांब, ३० रुंद, १० उंच. बहुतेक कुरियर कंपन्या नुसतं वजन बघत नाहीत, खोक्याची जागाही मोजतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि साधारणपणे ५००० ने भागायचं. उत्तर येतं ते किलोतलं वजन. खऱ्या वजनापेक्षा हे जास्त निघालं तर पैसे याचे लागतात. ३० × ३० × १० म्हणजे ९०००, भागिले ५००० म्हणजे १.८ किलो. आत पापड होते ४०० ग्रॅम! उरलेली सगळी हवा त्या बिचाऱ्या पैसे भरून पाठवत होत्या.

पापड मोजले, १५ सेंटीमीटर व्यासाचे. मग १८ × १८ × ८ चा खोका बघितला. ०.५२ किलो. हाही नको, कारण दर अर्ध्या किलोच्या टप्प्याने वाढतात आणि ०.५२ ला पूर्ण एक किलोचा भाव लागतो. उंची एका सेंटीमीटरने कमी केली: १८ × १८ × ७, उत्तर ०.४५. खोक्यासकट खरं वजनही अर्ध्या किलोच्या आत बसलं. एवढ्या एका सेंटीमीटरसाठी आम्ही अर्धा दिवस पुठ्ठा कापत बसलो होतो आणि तो दिवस मला आजही मोलाचा वाटतो. तुम्ही आज संध्याकाळीच टेप घेऊन तुमचा खोका मोजा.

त्यानंतर ‘मोफत डिलिव्हरी’चा विचार करा. नेहमीची ऑर्डर ३५० रुपयांची असेल तर मोफतची मर्यादा ९९९ ठेवून काही उपयोग नाही, तिथवर कोणी जात नाही. ती थोडीशी वर, ४९९ च्या आसपास ठेवा आणि बास्केटमध्येच सांगा, ‘आणखी ६० रुपयांचं काही घेतलंत तर डिलिव्हरी मोफत.’ किंवा चार पाकिटांचा एक घरपोच डबा करा, एकच किंमत, वर काही नाही. मला स्वतःला हा दुसरा मार्ग जास्त आवडतो. भांडी बाजारातल्या त्या एका आकड्याच्या तो जवळ जातो.

आणि एक गोष्ट कटाक्षाने पाळा. गिऱ्हाइकाने न मागितलेलं काही बास्केटमध्ये टाकू नका. गिफ्ट पॅकिंग, देणगी, विमा, काहीच नको. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये डार्क पॅटर्नविरोधी, म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या वेबसाइटच्या रचनांविरोधी, मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत १३ प्रकार सांगितले आहेत. न विचारता बास्केटमध्ये वस्तू घुसवणं म्हणजे बास्केट स्नीकिंग आणि किंमत शेवटपर्यंत लपवून थेंबाथेंबाने वाढवणं म्हणजे ड्रिप प्रायसिंग, हे दोन्ही त्यात आहेत. आधीपासून टिक केलेल्या चौकोनातून संमती घ्यायला २०२० च्या ई-कॉमर्स नियमांतही मनाई आहे. कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. एकदा मन खट्टू झालेलं गिऱ्हाईक आपल्याकडे परत येत नाही आणि सांगते चार जणींना.

चौथी पायरी: फॉर्म हलका करा

खातं उघडायची सक्ती काढा. पापड घ्यायला आलेल्या बाईला पासवर्ड ठरवायला लावणं म्हणजे दुकानाच्या दारात रेशनकार्ड मागण्यासारखं आहे. पाहुणा म्हणून खरेदी करू द्या. ऑर्डर झाली की मग विचारा, ‘पत्ता जपून ठेवू का?’ तेव्हा बऱ्याच जणी आनंदाने हो म्हणतात.

नाव, मोबाइल, पत्ता, खुणेची जागा, पिनकोड. पापडासाठी एवढे रकाने पुरतात. जन्मतारीख कशाला हवी? पिनकोड आधी घ्या आणि त्यावरून गाव, राज्य आपोआप भरू द्या, म्हणजे अंदमानापासूनचा प्रवास वाचतो. मोबाइल नंबर भरताना अंकांचा कीबोर्ड उघडला पाहिजे. नंबरात मधे जागा सोडली किंवा पुढे ९१ लावलं, तर चूक न दाखवता तुमच्या सिस्टिमने ते समजून घेतलं पाहिजे. आणि देवनागरीत लिहिलेलं नाव-पत्ता स्वीकारला गेलाच पाहिजे. कुरियरच्या चिठ्ठीवर इंग्रजी लागत असेल तर ते तुम्ही लिहा. आपल्याच गावात, आपल्याच माणसाला, स्वतःचं नाव आपल्या लिपीत लिहिलं म्हणून लाल रेघ दिसावी, याचं मला खरंच वाईट वाटतं.

बास्केट टिकली पाहिजे. पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाणारे कितीतरी जण गाडीत बसून खरेदी करतात आणि कसाऱ्याच्या घाटात बोगदे लागले की नेटवर्क जातं. बोगद्यातून बाहेर आल्यावर बास्केट रिकामी दिसली, तर तो माणूस पहिल्यापासून पुन्हा सुरू करणार नाही. तुमच्या वेबसाइटवाल्याला सांगा: विमान मोड लावून, एक मिनिट थांबून, पुन्हा उघडल्यावर वस्तू आणि अर्धा लिहिलेला पत्ता दोन्ही दिसले पाहिजेत.

कूपनचा मोठा रिकामा रकानाही काढा. तो दिसला की ज्याच्याकडे कूपन नाही त्याला वाटतं, दुसऱ्या कोणाला स्वस्त मिळतंय. मग तो कूपन शोधायला बाहेर जातो आणि तिकडेच रमतो. त्याऐवजी ‘कूपन आहे?’ अशी बारीक अक्षरातली ओळ पुरे.

पाचवी पायरी: पैसे घेण्याचे मार्ग

यूपीआय २०१६ मध्ये आलं आणि आता भाजीच्या गाडीवरही क्यूआर टांगलेला असतो. म्हणून ऑनलाइन दुकानदारही पेमेंटच्या पानावर क्यूआर दाखवून मोकळे होतात. पण गिऱ्हाईक ज्या फोनवर तो क्यूआर बघतंय, त्याच फोनने तो स्कॅन कसा करणार? मोबाइलवर थेट गुगल पे, फोनपे असं ॲप उघडणारं बटण हवं, रक्कम आधीच भरलेली. क्यूआर संगणकावर बघणाऱ्यांसाठी ठेवा. पेमेंट गेटवेकडे, म्हणजे तुमच्यासाठी ऑनलाइन पैसे घेणाऱ्या कंपनीकडे, दोन्ही सोयी असतात, फक्त मागाव्या लागतात.

पैसे कापले गेले आणि ऑर्डर मात्र दिसली नाही, असं कधीतरी होतंच. त्या क्षणी पानावर नुसतं ‘फेल’ असं येऊ देऊ नका. लिहा: ‘तुमचे पैसे कापले गेले असतील आणि ऑर्डर झाली नसेल तर ते परत येतील. बास्केट तशीच ठेवली आहे. या नंबरवर फोन करा.’ रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे दुकानदाराला यूपीआयने दिलेले, पण दुकानदारापर्यंत खात्री न पोचलेले पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत, आणि त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. हे तुम्हाला तोंडपाठ असलं की घाबरलेल्या ताईंशी फोनवर शांतपणे बोलता येतं.

कॅश ऑन डिलिव्हरी ठेवायची की नाही? सुरुवातीला ठेवा, असं माझं मत आहे. नव्या, नाव न ऐकलेल्या दुकानावर माणूस आधी पैसे टाकायला बिचकतो आणि ते रास्तच आहे. पण दार न उघडल्यामुळे परत आलेल्या पार्सलचा जाण्या-येण्याचा खर्च तुमच्या माथी बसतो. म्हणून ठरावीक रकमेपर्यंतच सीओडी द्या आणि पाठवण्याआधी एक फोन करा. सीओडीचे वेगळे पैसे लावणार असाल, तर तो पर्याय निवडण्याआधीच शेजारी लिहा.

सहावी पायरी: शंका आधीच मिटवा

पापडाला १० मिनिटांचा विश्वास लागतो, पैठणीला १० दिवसांचा. येवल्याच्या एका विणकर दादांच्या दुकानावर बास्केटा भरत, पण पैसे कोणीच देईना. फोटो सुंदर होते, नऊवारी नेसलेली मॉडेलही होती. जिला पैठणीतलं कळतं ती बाई मात्र साडी हातात आली की आधी पदर उलटा करून बघते. हातमागावरची अस्सल पैठणी उलट्या बाजूनेही जवळजवळ सुलट्यासारखीच दिसते. यंत्रावरच्या साडीला मागे दोऱ्यांची तुटकी टोकं लोंबतात. आम्ही प्रत्येक साडीच्या पदराच्या उलट्या बाजूचा, दिवसाच्या उजेडातला फोटो लावला. शुद्ध रेशमाची खूण असलेलं सिल्क मार्कचं लेबल जवळून दाखवलं. ‘व्हिडिओ कॉलवर साडी बघा’ असं बटण बास्केटमध्येच दिलं. त्या कॉलवर दादा मागावर बसूनच बोलत. पहिली साडी अशाच एका कॉलनंतर गेली.

तुमचा माल कोणता, त्यावर शंका ठरते. खाण्याच्या वस्तूवर १४ अंकी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा परवान्याचा) क्रमांक, पापड कधी केले ती तारीख आणि किती दिवस टिकतील ते लिहा. पितळी भांड्यावर वजन आणि आतून कलई आहे की नाही ते. परत घेणार असाल तर किती दिवसांत, येण्याचं भाडं कोण देणार. घेणार नसाल तर तेही स्पष्ट लिहा. दुकानाचा खरा पत्ता, उचलला जाणारा फोन नंबर आणि तक्रार ऐकणाऱ्याचं नाव पानाच्या तळाशी हवं. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हावं, हे ई-कॉमर्स नियमांतच आहे.

सातवी पायरी: आठवण द्या, पाठपुरावा नको

इतकं केल्यावरही बास्केटा राहतीलच. व्हॉट्सॲपवर निरोप पाठवायचा असेल तर आधी परवानगी घ्या, चौकोन रिकामा ठेवून. पहिला निरोप तासा-दोन तासांनी, दुसरा दुसऱ्या दिवशी, बस. पहिल्याच निरोपात सूट देऊ नका. तशी सवय लागली की लोक सूट मिळावी म्हणून मुद्दाम बास्केट सोडतात. मी असा मजकूर देतो:

‘नमस्कार ताई, नागलीच्या पापडांची दोन पाकिटं तुमच्या बास्केटमध्ये ठेवली आहेत. ऑर्डर करताना कुठे अडचण आली का? इथेच लिहा, मी बघते.’

खाली विक्रेत्या ताईंचं नाव. आलेल्या उत्तरांना त्यांनी स्वतः उत्तर द्यायचं, मशीनने नाही. बऱ्याच घरांत खरेदी एकटीच्या मनावर होत नाही, बहिणीला, नवऱ्याला विचारून होते. म्हणून बास्केट दुसऱ्याला पाठवता येईल अशी लिंकही द्या. स्क्रीनशॉट फिरवत बसण्यापेक्षा ती बरी.

यातलं सगळं एका दिवशी बदलू नका. एक गोष्ट बदला, दोन-तीन आठवडे थांबा, मग पुढची. महिन्याला ४०-५० ऑर्डरी असतील तर टक्केवारीवर फार विसंबू नका. पाच ऑर्डरी इकडच्या तिकडे झाल्या तरी आकडा नाचतो. त्यापेक्षा बास्केट सोडून गेलेल्या, पण बोलायला तयार असलेल्या पाच जणांना फोन करा. ‘का घेतलं नाहीत?’ असं विचारलं की माणूस अवघडतो आणि ‘सहजच’ म्हणून टाळतो. ‘कुठे अडलात?’ असं विचारा.

नाशिकरोडच्या एका ताईंना पापडवाल्या ताईंनी असाच फोन केला. पलीकडून उत्तर आलं, ‘अहो, मी दोन पाकिटं टाकली होती, पण टाकलेली कुठे गेली तेच सापडेना.’ आम्ही पान उघडून बघितलं. बास्केटचं चित्र वरच्या कोपऱ्यात होतं, फिकट पिवळ्या पट्टीवर पांढरं. त्याच दुपारी ते गडद केलं आणि खाली शब्द लिहिला: ‘माझी पिशवी’.